आम्ही की आपण

आमच्याकडे सकाळी नळ सुरू झाला की मुलगा मोरीतून ओरडतो, "आई, पाणी आला!" आणि मी घरात जिथे असेन तिथून ओरडते, "आलं!" तो शाळेत जायचा तेव्हापासून हे चालू आहे. आता तो नोकरीला आहे, लग्न झालं आहे, डोक्यावरचे केस पातळ होत चालले आहेत, तरी पाणी अजून पुल्लिंगीच येतं. लग्नानंतर सुरुवातीला सुनेला वाटायचं की सासू चहासाठी आलं मागते आहे. ती बिचारी घाईघाईने आल्याचा तुकडा धुऊन गॅसपाशी आणून ठेवायची. खुलासा झाला तेव्हा ती हसून हसून बेजार झाली. मुलगा मात्र वैतागून म्हणाला, "आई, पाणी आलं काय अन् आला काय, बाल्टी तो भर गई ना?"

बादली भरली हे खरं, पण या उत्तराने माझं समाधान कधीच झालेलं नाही. मी मुलींच्या शाळेत हिंदी आणि संस्कृत शिकवलं. व्याकरण हा माझा विषय, आणि घरच्यांना विचाराल तर माझा स्वभावही. समोरचा चुकीचं बोलला की मला घासात खडा आल्यासारखं होतं, आणि खडा आला की तो काढल्याशिवाय मला पुढचा घास घेता येत नाही. माझ्या या सवयीपायी बरीच माणसं माझ्याशी जपून बोलतात, काही बोलतच नाहीत. मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही.

मराठी मात्र मी कोणाला शिकवली नाही. जबलपुरात शिकायला येणार कोण? आमची माणसं मराठ्यांच्या चाकरीत कधीतरी इकडे आली आणि परत जायचं राहून गेलं. तेव्हापासून उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर हिंदी अशी आमची वाटणी आहे. यजमान इथल्या तोफांच्या कारखान्यात होते. ते असताना घरात मराठी बोलणारी आम्ही तीन माणसं होतो. ते गेले आणि दोन उरलो. सून इथल्याच घमापुर मोहल्ल्यातली, हिंदी बोलणारी. ती मराठी शिकते आहे, मनापासून शिकते आहे, पण अजून ती वाक्य आधी मनात जुळवते आणि मग भीत भीत माझ्यापुढे ठेवते. म्हणजे दिवसभरात मी ज्याच्याशी विचार न करता मराठी बोलू शकते असा माणूस एकच, तो माझा मुलगा. त्याची मराठी कशी आहे ते वर सांगितलंच.

माझी तरी कुठे सोवळी आहे? पुण्याला एका लग्नात मी यजमानांच्या चुलतबहिणीला सहज विचारलं होतं, "तुम्ही काय करून राहिल्या?" ती म्हणाली, "करून कुठे राहणार, परत घरीच जाणार." मग आजूबाजूच्या चार बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आमच्याकडे ‘करून राहिलो’ म्हणजे आत्ता करतोय, ही गोष्ट त्यांच्या गावीही नव्हती. मला राग आला. अजूनही आठवलं की येतो. व्याकरण आम्हालाही आहे, फक्त ते त्यांच्या पुस्तकात नाही, असं त्यांना ऐकवायला हवं होतं. तिथे सुचलं नाही, परतीच्या गाडीत सुचलं.

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये कुठली भाषा जास्त अवघड हा वाद दर पावसाळ्यात एकदा तरी व्हायचा. प्रत्येकीला वाटायचं आपलीच. माणसं आपल्या दुखण्याविषयी बोलतात तशा बायका आपापल्या मातृभाषेविषयी बोलायच्या, म्हणजे तुमचं काय, खरा त्रास आम्हाला. गणिताच्या बाई बंगाली होत्या. त्यांची सगळी नोकरी जबलपुरात गेली, पण निवृत्तीच्या दिवशीही त्या "मेरा साड़ी" नेसून आल्या होत्या. बंगालीत साडीला लिंग नाही, खुर्चीला नाही, कशालाच नाही. त्या म्हणायच्या, निर्जीव वस्तूंच्या मागे लागून ही पुरुष की बाई असं विचारत फिरणं सभ्य माणसांना शोभत नाही. विज्ञानाच्या बाई तमिळ होत्या. त्यांचं दुखणं वेगळं. "राम ने रोटी खाई" हे त्यांना कधीच पटलं नाही. खाल्ली रामाने, मग क्रियापद रोटीचं का ऐकतं? मी त्यांना नियम सांगायची आणि त्या म्हणायच्या, नियम कळला, पण अन्याय तो अन्यायच.

मराठीतल्या तीन लिंगांचं मी वर्णन केलं की दोघी कानाला हात लावायच्या. पण एकदा मी ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक सांगितला आणि तमिळ बाई एकदम उठून बसल्या. म्हणाल्या, हे तर आमच्याकडेही आहे. नाम् आणि नांगळ. यात अवघड काय?

फरक असा. बोलणारा अनेकवचनात बोलतो तेव्हा मराठी त्याला एक प्रश्न विचारते. ज्याच्याशी बोलतोयस तो या अनेकवचनात आहे का? असेल तर ‘आपण’, नसेल तर ‘आम्ही’. आपण जेवायला जाऊ, म्हणजे चल, तूही. आम्ही जेवायला जाऊ, म्हणजे तू नाहीस. हिंदीत दोन्हीकडे ‘हम’. लखनौकडे तर एकटा माणूससुद्धा स्वतःला हम म्हणतो. त्या दिवशी मी स्टाफरूममध्ये मोठ्या ऐटीत सिद्धांत मांडला की भाषा अवघड की सोपी हे विभक्त्या मोजून ठरत नाही. जी भाषा तुम्हाला तुमच्या भाषेपेक्षा एक प्रश्न जास्त विचारते ती तुम्हाला अवघड जाते. बंगाली माणसाला हिंदी विचारते, साडी बाई की पुरुष? हिंदी माणसाला मराठी विचारते, समोरचा आत की बाहेर? घंटा झाली आणि सगळ्या वर्गावर गेल्या. माझा सिद्धांत कोणी फारसा ऐकला नसावा, पण मला तो फार आवडला होता.

मुलाला हा फरक लहानपणी कधीच जमला नाही. नर्मदेवर तिलवाऱ्याला संक्रांतीची जत्रा भरते. आदल्या दिवसापासून तो माझ्या मागे लागायचा, "आई, आम्ही जत्रेत केव्हा जाऊ?" मी म्हणायची, "तुम्ही जा बाबा, मी बसते घरी." तो रडकुंडीला यायचा. मग मी त्याला म्हणायला लावायची, "आपण केव्हा जाऊ." तो म्हणायचा, "वही तो बोला!" उद्याला तो काल म्हणायचा, कारण हिंदीत दोन्हीला कल. ते तो वाढत्या वयात आपोआप सोडून बसला. ‘आम्ही’ मात्र सुटलं नाही. मी दर वेळी दुरुस्त करायची, तो दर वेळी दुरुस्त करून घ्यायचा आणि पुन्हा तेच म्हणायचा.

यंदा होळीनंतरची गोष्ट. मी खालच्या खोलीत कोथिंबीर निवडत बसले होते. मुलगा ऑफिसातून आला, समोरच्या खुर्चीत बसून मोजे काढायला लागला आणि मोज्याकडे बघत म्हणाला, "आई, ट्रान्सफरची ऑर्डर आली. आम्ही जूनमध्ये पुण्याला शिफ्ट होऊन राहिलो."

"आपण म्हण," एवढंच मला बोलायचं होतं. ते जिभेवर आलंही. आयुष्यभरात किती वेळा म्हटलं असेन, त्यात आणखी एकदा. पण या वेळी दुरुस्त केलं असतं तर तो दोनपैकी एक काहीतरी म्हणाला असता. "हां हां, आपण," किंवा "नाही आई, आम्ही." मला त्या दुसऱ्या उत्तराची भीती वाटली. मी कोथिंबिरीच्या काड्या मोडत राहिले आणि म्हणाले, "अच्छा. पगार वाढणार का?" त्याची चूक मी पहिल्यांदाच सोडून दिली. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

मला पुण्याला जायचंच होतं असं मुळीच नाही. या गावात माझं सगळं आयुष्य गेलं. भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत निम्म्या गावाच्या आया किंवा बहिणी माझ्या विद्यार्थिनी. पुण्यात मी तोंड उघडलं की लोक पदर शोधणार. पण जायचं की नाही हा नंतरचा प्रश्न. आधी मला त्या सर्वनामात धरलं आहे की नाही, ते कळायला हवं होतं. धरलं असतं तर मी कदाचित ऐटीत नाही म्हणाले असते. न धरता नाही म्हणायची सोयच नव्हती.

धाकटी बहीण नागपूरला असते. तिला फोन केला. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "अगं, तू पण ना! काहून कुढून राहिली? सरळ विचारून टाक ना त्याले, मी येऊ का म्हणून."

"मी काहून विचारू? त्यानं सांगायला नको?"

"मग त्यानं सांगितलं ना, आम्ही जातो म्हणून."

"अगं, त्याला आम्ही आणि आपण यातला फरकच कळत नाही. लहानपणापासून."

बहीण म्हणाली, "हो, ते आहे म्हणा. त्याची मराठी तशीच आहे." आणि तिने विषय बदलून उन्हाळ्याच्या पापडांवर नेला. तिचं ते विषय बदलणं मला आवडलं नाही. पण तिने माझं म्हणणं मान्य केलं होतं आणि मी तेवढंच धरून बसले.

त्यानंतर मी एखाद्या हेरासारखी मुलाची सर्वनामं गोळा करायला लागले. तो म्हणाला, "आम्ही फ्लॅट बघितला, व्हिडिओवर." तो म्हणाला, "आम्हाला तिसऱ्या मजल्यावरचा भेटला, लिफ्ट आहे." लिफ्टचं ऐकून मी दोन दिवस खुशीत होते. त्या दोघांचे गुडघे धडधाकट आहेत, जिन्यावरून उड्या मारत जातात. मग लिफ्ट कोणासाठी? हा पुरावा मी मनात फार जपून ठेवला. पुढे कळलं की त्या इमारतीत सगळ्यांनाच लिफ्ट आहे.

सुनेकडून काढून घ्यायचा प्रयत्न केला, पण तिच्याशी हिंदीत बोलावं लागतं आणि हिंदी अशा वेळी तोंडाला कुलूप घालते. मी मुद्दाम विचारलं, "हम लोगों का सामान कब जाएगा?" ती म्हणाली, "जून के पहले हफ़्ते में, मम्मी जी." माझ्या ‘हम लोगों’मध्ये मी होते. तिच्या उत्तरात कोण होतं ते देवाला ठाऊक. तिला मी दोष देत नाही. तिच्या भाषेने तो प्रश्न तिला विचारलाच नव्हता. उलट त्याच संध्याकाळी ती वही घेऊन माझ्यापाशी बसली आणि पुण्यात दुकानात बोलायला लागतील अशी वाक्यं माझ्याकडून पाठ करून घेतली. "मम्मी जी, चमचा तो, वाटी ती, टेबल ते. ये ‘ते’ का कोई नियम है कि बस रटना है?" मी म्हटलं, बस रटना है. ती खाली मान घालून पाठ करत राहिली आणि मला एकदम तिचा हेवा वाटला. ती माझी भाषा शिकून माझ्याशिवाय निघाली होती की माझ्यासकट, हे मला कळत नव्हतं.

मुलाला सापळे लावले. जेवताना म्हटलं, "आपल्याला तिकडं देवघर कुठं ठेवता येईल रे?" तो म्हणाला, "तिकडं जागा कमी आहे." एका वाक्यात ना आम्ही, ना आपण. दुसऱ्या दिवशी म्हटलं, "माझे लोकरीचे कपडे तिकडं लागणार नाहीत ना?" तो फोन बघत म्हणाला, "पुण्यात थंडी कमीच असते." हवामानाची माहिती मिळाली, बाकी काही नाही. तो मला टाळत होता की खरंच फोन बघत होता? मला दर वेळी फोनचंच खरं वाटायचं, कारण मी ते वाटवून घ्यायची. माझा बचाव पक्का होता. ज्या माणसाच्या तोंडी अजून पाणी पुल्लिंगी आहे त्याच्या ‘आम्ही’वरून काय अर्थ काढायचा? तो हिंदीत विचार करतो. हिंदीत दोघांना एकच शब्द. म्हणून मराठीतही तो एकाच शब्दावर भागवतो. यात त्याचा हेतू शोधणं म्हणजे अशुद्ध उत्तरपत्रिकेत कविता शोधण्यासारखं. असं मी स्वतःला समजावत होते आणि व्याकरणाची शिक्षिका असल्यामुळे मला ते पटतही होतं.

मग एका रविवारी त्याचा शाळेपासूनचा मित्र आला. पोहे झाले, जिलबी आली. दोघं बाहेरच्या खोलीत बसले होते आणि मी आत पुन्हा चहा टाकला होता. त्यांच्या बोलण्याकडे माझं लक्ष नव्हतं. हिंदीत चालू होतं, आणि हिंदीतून मला काही मिळणार नाही हे मी धरूनच चालले होते. मित्राने पुण्याचं विचारलं असावं. मुलगा म्हणाला, "हम लोग तो जून में निकल जाएँगे. फिर तू बारिश में आ जाना, अपन सब लोनावला चलेंगे."

चहा उतू गेला. मी गॅस बंद करून ओट्यावर सांडलेला चहा पुसायला लागले.

अपन. हा शब्द मला माहीत नव्हता असं कसं म्हणू? सगळं जबलपूर दिवसभर अपन अपन करत असतं. अपन चलते हैं, अपन को क्या, अपन कल मिलते हैं. मुलींच्या निबंधात तो आला की मी लाल शाईने खोडायची आणि वर ‘हम’ लिहायची. बाजारू शब्द, निबंधात चालणार नाही. इतकी वर्षं खोडून खोडून तो माझ्या हिंदीतून साफ गेला होता. पुस्तकातल्या हिंदीत एकटा हम. गावातल्या हिंदीत मात्र दोन शब्द सुखाने नांदत होते आणि त्यांची वाटणी अगदी मराठीसारखी होती. ‘हम लोग निकल जाएँगे’, यात मित्र नव्हता. ‘अपन चलेंगे’, यात मित्र होता. एका दमात, न अडखळता, दोन्ही शब्द आपापल्या जागी. मी वर्गात असते तर त्याला पैकीच्या पैकी दिले असते.

म्हणजे त्याला तो प्रश्न ठाऊक होता. कोण आत, कोण बाहेर, हे तो रोज मित्रांशी, बायकोशी बोलताना ठरवत होता. लहानपणी नसेल कळत, आता कळत होतं. मराठीतही त्याने ‘आम्ही’ म्हटलं ते शब्द कमी पडला म्हणून नव्हे. मी त्यापुढचे काही दिवस पुन्हा कान लावून बसले. या वेळी हिंदीकडे. बायकोला तो म्हणाला, "अपन ये बड़ी वाली अलमारी नहीं ले जाएँगे." मला त्याच अलमारीविषयी म्हणाला, "आई, ती आलमारी आम्ही नेत नाही, तुला इथं लागेल." ‘तुला इथं’ हे त्याने इतक्या सहज म्हटलं की मला वाटलं, याला हे सगळं मला केव्हाच सांगून झालं आहे असं वाटतंय.

मला संताप आला. सरळ सांगायला काय झालं होतं? आणि खरं सांगायचं तर संतापापेक्षा भीती जास्त होती. मी एकटी राहायला घाबरत नाही. कामाला बाई येते, शेजार चांगला आहे. पण तो गेल्यावर या घरात मराठी कोणाशी बोलू? भिंतीशी? देवाशी बोलते, पण देव चुका करत नाहीत. सकाळी नळ येईल आणि कोणी काही ओरडणार नाही. बहिणीशी फोनवर बोलेन, पण फोनवरची भाषा ही पाहुण्यांची भाषा असते, तिच्यात तक्रार करता येत नाही की मीठ जास्त पडलंय, पंखा कमी कर, माझा चष्मा कुठे गेला.

मी ठरवलं, विचारायचं. घरात नको. घरात सून असते आणि तिला आता मराठी कळायला लागली होती. देवाची चांदीची भांडी उजळून आणायची होती. मुलाला म्हटलं, सराफ्यात घेऊन चल. तो लगेच तयार झाला. तसा तो फार चांगला आहे. गल्लीच्या तोंडाशी त्याने स्कूटर लावली आणि त्या गर्दीत माझं कोपर धरून मला असा सांभाळून घेऊन गेला की माझा निश्चय डळमळायला लागला. वाटलं, जाऊ दे, कशाला.

सराफ आमच्या ओळखीचे. "बैठिए माताजी," म्हणून त्यांनी गादी झटकली, तबक आणि निरांजन हातात घेऊन आतल्या कारागिराकडे दिलं आणि समोर बसून हिशेबाला लागले. आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलो. या गावात चारचौघांत गुपित बोलायचं असलं की आम्ही मराठीत बोलतो. साडी महाग आहे, ही बाई खोटं बोलते आहे, आता उठू या, सगळं हसत हसत लोकांसमोर बोलता येतं. यजमान आणि मी एकदा एका लग्नाच्या पंगतीत वाढणाऱ्यांच्या देखत कडाक्याचं भांडलो होतो आणि कोणाला पत्ता लागला नव्हता.

मी सराफाकडे बघून हसले आणि मुलाला म्हटलं, "पुण्याला आम्ही जातो आम्ही जातो म्हणतोस, त्या आम्हीत मी आहे का रे?"

त्याने चमकून माझ्याकडे पाहिलं. "मम्मी, ये क्या..." अडचणीत आला की तो आधी हिंदीत शिरतो, लहानपणापासून. पण हिंदी कानावर पडताच सराफाने वहीतून डोकं वर काढलं. मुलगा तिथल्या तिथे थांबला.

"घरी बोलू ना," तो हळूच म्हणाला.

"नाही. इथंच सांग. मराठीत सांग."

सराफ आमच्याकडे बघून मायेने हसले आणि पुन्हा वहीत गुंतले. आई आणि मुलगा काहीतरी देवाचं बोलत असतील असं त्यांना वाटलं असावं. मुलगा मांडीवरची किल्ली फिरवत होता. त्याचे कान लाल झाले होते. मला त्याची दया आली, पण मी विचारलेलं परत घेतलं नाही. एरवी तो अर्धं वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत संपवतो. आज तसं करता येत नव्हतं. त्याने तोंडी परीक्षेला बसल्यासारखं एकेक शब्द निवडून, सावकाश, माझ्याकडे न बघता सांगितलं.

"आई, आम्ही दोघंच जातो आहोत. तुला तिकडे करमणार नाही. तुझं घर इथे आहे."

‘जाऊन राहिलो’ नाही म्हणाला, ‘जातो आहोत’ म्हणाला. ‘तुझा घर’ नाही म्हणाला, ‘तुझं घर’ म्हणाला. ‘करमणार नाही’ या क्रियापदाला कर्ता लागत नाही, म्हणून त्या वाक्यात कोणी कोणाला सोडून जात नव्हतं. मी सवयीने चूक शोधत राहिले. तिन्ही वाक्यं मनातल्या मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिली. एकही सापडली नाही.